चावी दिलीत, आता पुढची दोन वर्षेही द्या

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, पुणे व पिंपरी चिंचवड
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
आणि पुनर्वसन योजना राबवणारे सर्व विकसक

स.न.वि.वि.

चावीवाटपाचा कार्यक्रम झाला की तुमच्या दप्तरी प्रकल्प पूर्ण होतो. परिशिष्ट दोनमधली, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या यादीतली नावे आणि सदनिकांचे क्रमांक जुळलेले असतात, भोगवटा प्रमाणपत्र आलेले असते, विकसकाची खुल्या बाजारात विकायची इमारत मार्गी लागलेली असते. हार, फोटो, पेढे होतात आणि मांडववाला खुर्च्या गोळा करायला लागतो. आमचे काम त्याच संध्याकाळी सुरू होते. नव्याने घर मिळालेल्या कुटुंबांची घडी बसावी म्हणून एक छोटी संस्था कार्यक्रम चालवते, त्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. मोजक्या कार्यकर्त्या, एक हिशेबनीस आणि शहराच्या पूर्व भागात विखुरलेल्या काही पुनर्वसन इमारती, एवढाच आमचा पसारा.

हे पत्र तिघांना एकत्र आणि उघडपणे लिहिते आहे, कारण वेगवेगळी लिहिलेली पत्रे एकमेकांकडे बोट दाखवत फिरतात. लिफ्टचे विचारले तर ते सोसायटीचे काम, सोसायटी नोंदली का विचारले तर ते निबंधकांचे, अंगणवाडीचे विचारले तर ते आणखी तिसऱ्याच खात्याचे. तिघांनी एकच कागद एकाच वेळी वाचावा, इतकाच हेतू.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत शोधावी लागणार नाही. प्रत्येक पुनर्वसन प्रकल्पात ताबा दिल्यापासून पुढची दोन वर्षे इमारतीत प्रत्यक्ष बसणारी, पगारी, प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती असावी. तिचा खर्च प्रकल्पाच्या खर्चात धरावा. आणि प्रकल्प पूर्ण झाला असे दोन वर्षांनी म्हणावे, मूळ कुटुंबांपैकी किती तिथे नांदताहेत ते मोजून.

आता हे का, ते सांगते.

आमच्या एका इमारतीची गोष्ट घ्या. अकरा मजले, दोन लिफ्ट. पहिल्या दोन महिन्यांचे कॉमन मीटरचे बिल विकसकाच्या माणसाने भरले. तिसरे बिल जिन्याखालच्या मीटरच्या खोलीच्या कडीला अडकवलेले सापडले. कुणीतरी ते व्यवस्थित घडी करून पुन्हा तिथेच अडकवून ठेवले. पुढच्या महिन्यात आधी एक लिफ्ट बंद झाली, मग दुसरी. मग वीज तोडायला माणूस आला तेव्हा लोकांना कळले की लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि पाण्याची मोटर सगळे त्याच एका मीटरवर आहे.

वस्तीत राहणाऱ्या माणसाला विजेचे बिल कळते, ते घराचे असते. सगळ्यांचे मिळून एक बिल असते आणि ते कुणा एकाच्या नावावर नसते, ही गोष्ट त्याला कुणी समजावून दिलेली नसते. कोथरूडच्या सोसायट्यांतही लोकांना ती सहज कळते असा माझा अनुभव नाही, पण तिथे निवृत्त बँक अधिकारी खजिनदार असतात आणि त्यांना वेळ असतो.

रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बैठक घेतली. वाद लगेच ठरलेल्या जागी आला. तळमजल्यावरचे म्हणाले, आम्ही लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, पैसे का भरायचे? नवव्या मजल्यावरचा एकजण म्हणाला, चला, घर बदलू. माझ्या सहकारी ताईंनी आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटी चालवण्याचे नमुना नियम, वाचून दाखवले: लिफ्टचा खर्च सगळ्या सभासदांनी समान वाटून घ्यायचा, वापर असो वा नसो. कुणी ऐकले नाही. उपविधी ऐकून कुणाचे मन बदलल्याचे मी आजवर पाहिलेले नाही. मग तळमजल्यावरचीच एक फुलवाली मावशी उठली. म्हणाली, “मीटर तर एकच हाय ना? लिफ्ट तुटली तर मोटर पण तुटणार. मग वरची टाकी भरणार कोण, आणि माझ्या नळाला पाणी येणार कुठनं?” बैठक तिथेच संपली. घरटी पाचशे रुपये ठरले.

ठरणे सोपे असते. गोळा करणे हे खरे काम. आधी तरुण मुलांच्या हातात पावतीपुस्तक दिले होते, त्यात भांडणे झाली. नंतर वही भिशी चालवणाऱ्या दोन बायकांकडे दिली आणि गाडी रुळावर आली. कुणाच्या घरात पैसा कुठल्या दिवशी येतो हे भिशीवालीला पाठ असते. गवंडीकाम करणाऱ्याला शनिवारी पगार मिळतो, धुणीभांडीवालीला एक ते पाच तारखेत, रिक्षावाल्याकडून रोज वीस-वीस घेतलेले बरे. दहा तारखेला सगळ्यांनी एकरकमी भरावे ही पगारदारांची कल्पना आहे. ती या इमारतीत लादली की निम्मे लोक थकबाकीदार होतात, आणि एकदा थकबाकीदार ठरलेला माणूस बैठकीला येणे बंद करतो.

विकसक देखभालीसाठी सदनिकेमागे ठेव भरतात, हे मला माहीत आहे. पण ती ठेव कुठल्या बँकेत आहे, तिचे व्याज कुणाच्या सहीने निघते, हे आमच्या इमारतींतल्या रहिवाशांना पहिले कित्येक महिने ठाऊक नसते. सोसायटी कागदावर नोंदलेली असते. चेअरमन-सेक्रेटरी म्हणजे बहुतेक वेळा योजनेला संमतीपत्रे गोळा करून देणारेच लोक. त्यांनी कष्ट घेतलेले असतात, ते नाकारत नाही. पण संमती गोळा करणे आणि अकरा मजल्यांची इमारत चालवणे यांत फरक आहे. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते, हिशेब तपासून घ्यायचे असतात, समितीत दोन जागा महिलांच्या असतात. यातले काहीही ताब्याच्या दिवशी कुणी सांगत नाही. त्या दिवशी भाषणे असतात.

आता पोटापाण्याचे.

शिवाजीनगरच्या कामगार पुतळा आणि राजीव गांधीनगर या वसाहतींतली कुटुंबे मेट्रोच्या सिव्हिल कोर्ट स्थानकासाठी हलवली गेली, त्यांतली बरीच विमाननगर आणि हडपसरला आली. हे स्थानक १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाले, आणि ६ मार्च २०२४ ला मेट्रो रामवाडीपर्यंत पोहोचली. म्हणजे जिथले घर सोडले तिथेच आज विमाननगरच्या बाजूने मेट्रोने परत येता येते, कामाला. यातला विनोद मी तुमच्यावर सोडते. पण शहराच्या मध्यभागातून अशी हललेली धुणीभांडी करणारी बाई डोळ्यासमोर आणा. पूर्वी ती चालत जाऊन सकाळची चार कामे करायची, मध्ये घरी येऊन मुलाला शाळेत धाडायची आणि दुपारी पुन्हा दोन कामांना जायची. आता जाऊन-येऊन दोन-तीन तास प्रवासात जातात. मधल्या वेळी घरी येणे बंद. चारांतली दोन कामे सुटतात. जून २०२५ पासून पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, दैनिक पास ४० चा ७० झाला आणि मासिक पास ९०० चा १,५००. एका घरच्या भांड्यांचा महिन्याचा पगार पासातच गेला, असे समजा. त्यात लिफ्टचे पाचशे आणि मिळकतकर. घर फुकट मिळाले म्हणणाऱ्यांनी एकदा हा हिशेब मांडून पाहावा.

आमचा अनुभव असा की नवीन ठिकाणी आसपास कामे मिळायला सहा ते आठ महिने लागतात. विमाननगरच्या मोठ्या सोसायट्यांत कामाला जायचे तर गेटवर नोंदणी लागते, पोलीस पडताळणी मागतात, ओळखीची शिफारस लागते. हे जुळवून देणे हेच सामाजिक काम. त्याचे उद्घाटन होत नाही म्हणून ते कुणाच्या अंदाजपत्रकात नसते. त्या सहा-आठ महिन्यांपुरता तरी सवलतीचा बसपास द्या. आयुक्तसाहेब, पीएमपीला महापालिका दरवर्षी पैसे देतेच. त्यातला हा किती लहान तुकडा असेल ते तुमचे लेखा खाते एका दुपारी काढून देईल.

हातगाडीवाल्याचा प्रश्न वेगळा. भाजीची गाडी लिफ्टमध्ये बसत नाही. पार्किंगमध्ये ठेवली तर दुचाकीवाले ओरडतात, रस्त्यावर साखळी लावून ठेवली तर अतिक्रमणाच्या कारवाईत उचलली जाते. कचरावेचक बायकांचे त्याहून अवघड. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ पासून या शहरात आहे, ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेसोबत दारोदार कचरा गोळा करते. पुण्याला या बायकांचे कौतुक आहे, पाहुण्यांना दाखवायला नेतात. पण त्यांच्याच नव्या घराच्या इमारतीत सुका माल निवडायला दहा बाय दहाची शेड नसते. वस्तीत दारापुढच्या अंगणात निवडायच्या. इथे पॅसेजमध्ये पोते ठेवले की शेजारी वासाची तक्रार करतात, आणि ती तक्रार खोटी नसते. पात्रता ठरवताना तुम्ही प्रत्येक झोपडीचे मोजमाप करता, बोटांचे ठसे घेता, १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा मागता. त्याच अर्जात आणखी एक रकाना घाला: हे कुटुंब पोट कशावर भरते आणि त्याला जागा किती लागते. मग आर्किटेक्टला निदान ठाऊक तरी असेल.

कागदपत्रांचे थोडक्यात उरकते, कारण ते खरेच थोडक्यात उरकण्यासारखे आहे. पत्ता बदलायचा तो आधार, मतदारयादी (आठ नंबरचा अर्ज), गॅस, बँक, रेशन या सगळ्यांवर. ताबा दिल्यानंतर पहिल्या महिन्यात इमारतीच्या पार्किंगमध्ये लागोपाठ दोन रविवार शिबिर लावले, संबंधित खात्यांचे लोक मशीन घेऊन बसले, तर पुढचे वर्षभराचे हेलपाटे वाचतात. रेशन आता अंगठा लावून कुठल्याही दुकानातून मिळू शकते, हेच अनेक बायकांना माहीत नसते. त्या महिनोन्महिने जुन्या दुकानात जात राहतात, आणि एका फेरीत अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो.

शाळेचे मात्र थोडक्यात नाही उरकत. तुमच्या चावीवाटपाच्या तारखा पाहिल्या तर त्या पाहुण्यांच्या सोयीने, निवडणुकीच्या आचारसंहितेच्या आधी, किंवा इमारत तयार होईल तेव्हा ठरतात. डिसेंबर-जानेवारीत घर हलले की मूल दोन्हीकडून जाते. जुनी शाळा लांब, नव्या शाळेत वर्ष निम्म्याच्या वर संपलेले. दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश अडवता येत नाही, असे शिक्षण हक्क कायदा स्पष्ट सांगतो. तो कायदा २००९ चा आहे. तरीही “दाखला घेऊन या, मग बघू” हे वाक्य आजही ऐकू येते. आठवीपर्यंतचे मूल निदान कायद्याच्या आधाराने कुठेतरी बसवता येते. नववीतला मुलगा असेल तर तो थेट गॅरेजवर जातो. मुलगी असेल तर धाकट्यांना सांभाळायला घरी राहते, कारण आई आता दुपारी परत येत नाही. कार्यकर्तीने नेमके त्या आठवड्यात घर गाठले तरच हे सावरते, तीन महिन्यांनी गाठून उपयोग नसतो. म्हणून विनंती: इमारत फेब्रुवारीत तयार असली तरी कुटुंबे एप्रिल-मेमध्ये हलवा, परीक्षा झाल्यावर आणि जूनचे प्रवेश सुरू होण्याआधी. दोन महिन्यांचे संक्रमण भाडे, म्हणजे घर मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या निवाऱ्याचे भाडे, विकसकाला जड जाणार नाही.

अंगणवाडीसाठी इमारतीत खोली ठेवलेली असते, कधी कधी तर आकारही ठीक असतो. सेविकेचे पद मंजूर झालेले नसते. खोलीला कुलूप असते आणि पुढे त्यात रंगाचे डबे ठेवले जातात.

एका गोष्टीबद्दल मी जरा सावकाश लिहिणार आहे, कारण तिच्यावरून या लोकांना शिव्या बसतात. “घर दिले तरी विकून परत झोपडीत जातात.” हे वाक्य मी सभागृहात ऐकले आहे, वर्तमानपत्रात वाचले आहे, रिक्षातही ऐकले आहे. जात नाहीत असे मी म्हणत नाही. ठरावीक वर्षे घर विकता येत नाही, म्हणून नोटरीच्या कागदावर देतात, किंवा मोठे डिपॉझिट घेऊन भाडेकरू बसवतात आणि स्वतः जुन्या वस्तीजवळ खोली घेतात. अशी जी घरे आमच्यासमोर गेली, त्यांच्या मागे जाऊन आम्ही पाहिले. बहुतेकांची सुरुवात पहिल्या सहा महिन्यांतल्या कर्जात आहे.

ताबा मिळतो तो चार भिंतींचा. पंखे, ट्यूब, खिडकीला ग्रिल, पोटमाळा नसल्याने कपाट, पडदे, शेगडी हे सगळे आपले आपण. वास्तुशांतीला नातेवाईक येणार, जेवण घालायचे. इतक्या वर्षांनी पक्के घर झाले, त्या आनंदाला मी तरी नाके मुरडणार नाही. यासाठी पैसा लागतो आणि तो लगेच मिळतो. पक्का पत्ता झाला की अंगणवाडी, दवाखाना, पोस्टमन या सगळ्यांच्या आधी कर्ज देणारे पोहोचतात. गट करून उचल देणाऱ्या कंपन्यांचे एजंट ताब्याच्या पहिल्याच आठवड्यात मजल्यामजल्यावर फिरतात. एकीच्या हप्त्याला दुसरी जामीन. तिकडे कामे सुटलेली, इकडे हप्ता सुरू. त्यात घरात एखादे आजारपण आले की हातात विकण्यासारखी वस्तू एकच उरते, ती म्हणजे घर. यात हाव कुठे आहे? बेरीज-वजाबाकी आहे, आणि ती ताब्याच्या आधीच कागदावर करता आली असती.

आम्ही आता नवीन इमारतीत शिरतो ते ताब्याच्या तीन महिने आधी, कुटुंबे तात्पुरती राहतात त्या संक्रमण शिबिरातच. घरटी बसून एक साधा कागद भरतो: आज येतात किती, जातात किती, नव्या घरी किती जातील. बचत गटातून ग्रिल आणि पंख्यांची एकगठ्ठा खरेदी करतो, दुकानदार दर कमी लावतो. पन्नास घरांनी मिळून ग्रिल घेतले तर प्रत्येकीला वेगळे कर्ज काढावे लागत नाही. एवढ्याने सगळी घरे वाचतात असा दावा करत नाही. पण जिथे आधी शिरलो तिथे पहिल्या वर्षात नोटरीचे कागद कमी झाले, हे डोळ्यांनी पाहिले आहे.

बायकांविषयी आणि म्हाताऱ्यांविषयी सांगायला हवे. वस्तीत नवऱ्याने हात उगारला की शेजारीण पत्रा वाजवायची, चार जणी दारात उभ्या राहायच्या. इथे दार लागते आणि आवाज आत राहतो. नव्या इमारतीत पहिल्या वर्षी मारहाणीच्या तक्रारी कमी येतात, म्हणून मारहाण कमी झाली असे कुणी अहवालात लिहू नये. आमच्या कार्यकर्त्या प्रत्येक मजल्यावर दोन बायका तयार करतात, कुठले दार केव्हा वाजवायचे हे जाणणाऱ्या. महिलांच्या मदतीचा १८१ आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हे क्रमांक लिफ्टशेजारी रंगवून घेतले आहेत. घर पती-पत्नी दोघांच्या नावावर असते, हा या योजनांमधला फार मोलाचा भाग. पण ताबापत्र नवऱ्याच्या पिशवीत असते आणि बाईला आपले नाव त्यावर आहे हेच माहीत नसते. चावीवाटपाच्या मंचावर एकदा तरी चावी बाईच्या हातात द्या आणि तिचे नाव माइकवर वाचा. खर्च शून्य.

म्हातारी माणसे सातव्या मजल्यावर अडकतात. आयुष्य ओट्यावर गेले, येणाराजाणारा बोलायचा. आता लिफ्ट बंद असली की महिना-महिना खाली उतरत नाहीत. आणि मृत्यू झाला तर? लिफ्ट लहान, स्ट्रेचर आडवे बसत नाही. मृतदेह खुर्चीला बांधून जिन्याने उतरवलेला मी पाहिला आहे. त्या घरातल्या मुलाने नंतर मला एवढेच विचारले होते, की तळमजल्यावरचे घर बदलून मिळते का, आई अजून आहे. वाटप सोडतीने होते हे मान्य. पण वृद्ध आणि दिव्यांग असलेल्या घरांची सोडत खालच्या मजल्यांपुरती वेगळी काढता येत नाही का?

इमारतींच्या रचनेबद्दल लिहायचे तर दुसरे पत्र लागेल. मुंबईत गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत उजेड-वारा न मिळणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आढळल्याचा अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. तो पुण्यातल्या प्रत्येक आर्किटेक्टने वाचावा, एवढेच म्हणते.

हे सगळे पुण्याला नवीन नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि हजारो कुटुंबे एका दिवसात उघड्यावर आली. गोखलेनगर, जनवाडी हे भाग त्या पूरग्रस्तांनी वसवले. निवारा लवकर मिळाला, मालकीहक्काच्या कागदासाठी मात्र पुढची पिढी म्हातारी झाली. दुसरे उदाहरण येरवड्याचे. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर नूतनीकरण कार्यक्रमातल्या शहरी गरिबांसाठीच्या घरांच्या योजनेत तिथल्या काही वस्त्यांत जागच्या जागी घरे बांधली. महिला मिलन या वस्त्यांतल्या बायकांच्या संघटनेच्या बायका गल्लोगल्ली बसल्या, कुणाचे घर कुठे आणि जिना कुणीकडून हे घरोघरी ठरले, कुटुंबांनी दहा टक्के वाटा स्वतः भरला. तिथेही भांडणे झाली, कामे रखडली. पण शेजार मोडला नाही, काम सुटले नाही, शाळा बदलली नाही. प्रत्येक ठिकाणी जागच्या जागी बांधता येणार नाही हे मला कळते. नदीपात्रातल्या किंवा ओढ्याकाठच्या वस्त्या हलवाव्याच लागतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केले ते पुण्याने पाहिले आहे. जिथे हलवावे लागते तिथे येरवड्यातली एक गोष्ट तरी उचला: बांधकामाच्या आधीपासून लोकांमध्ये बसलेली माणसे.

आता पैशांचे. एका कार्यकर्तीला महिना २५,००० रुपये धरा. चोवीस महिन्यांचे सहा लाख. तिच्याकडे दीडशे कुटुंबे धरली तर कुटुंबामागे दोन वर्षांचे मिळून ४,००० रुपये. पार्किंगचा भाव या धंद्यात सगळ्यांना माहीत असतो. विक्रीच्या इमारतीतल्या एक-दोन पार्किंगमध्ये हा खर्च भागेल. देखभालीची ठेव घेता तशी ही रक्कम विकसकाकडून आधीच भरून घ्या, मात्र कार्यकर्ती विकसकाच्या पगारावर नको. विकसकाचा माणूस म्हणून ती आली तर पहिल्या गळतीलाच तिचे तोंड बंद होईल.

माणसे शहरात आहेत. महापालिकेच्या समाज विकास विभागाच्या समूह संघटिका वस्त्यांमध्ये वर्षानुवर्षे काम करतात, बचत गट त्यांनीच उभे केले. पण वस्ती हलली की त्यांचा आणि त्या कुटुंबांचा संबंध तुटतो, कारण इमारत दुसऱ्या क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत जाते. कुटुंबांसोबत संघटिकेलाही सहा महिने त्या हद्दीत काम करू द्या, आणि ते कंत्राटाच्या तारखेवर लटकवू नका. कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून सामाजिक कार्यकर्ते घडवते आहे. तिथल्या आणि इतर महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना या इमारतींत क्षेत्रकार्य द्या. मात्र विद्यार्थी परीक्षेच्या वेळी जातात आणि मोटर नेमकी तेव्हाच जळते, तेव्हा विद्यार्थ्यांवर कार्यक्रम उभा करू नका.

या कामात आमच्या कार्यकर्तीच्या डायरीत एका दिवसाच्या नोंदी अशा असतात: ५०३ गॅसचे नाव, ७०१ ड्रेनेज तुंबले, ८०४ मुलगा शाळेत नाही, २०२ हप्तेवाला दारात बसून आहे. पहिल्या वर्षी ती रोज जाते. दुसऱ्या वर्षी ठरवून आठवड्यातून दोनच दिवस, आणि कुणी अर्ज भरून मागितला तर स्वतः न भरता शेजारच्या बाईकडे पाठवते जिला तिनेच शिकवलेले असते. हे माघार घेणे जमले नाही तर कार्यकर्तीची ताई होते, मग भाऊ होतो, मग निवडणुकीला उभा राहतो. ताईंना राजकारणाचे वावडे असावे असे नाही, पण त्यासाठी तुमचे पैसे नकोत. म्हणून कामाचा अहवाल मागताना किती बैठका झाल्या हे विचारू नका. लिफ्ट महिन्यात किती दिवस चालली, सहा ते चौदा वयाची किती मुले पटावर आहेत आणि मूळ कुटुंबांपैकी किती त्याच दारात राहतात, एवढे तीन आकडे दर सहा महिन्यांनी मागा. आमचे आकडे आम्ही तुमच्यासमोर ठेवू, वाईट आहेत तेही.

पुढचे चावीवाटप जिथे ठरले असेल, त्या एका इमारतीत हे करून पाहू. तुम्ही इमारत सांगा, ताब्याच्या तीन महिने आधी आम्हाला शिबिरात बसायला खोली द्या. माणसे आम्ही लावतो.

कळावे,
आपली,
पुनर्वसन इमारतींत काम करणारी एक समन्वयक, हडपसर

ता. क. ताबापत्रासोबत प्रत्येक सोसायटीला लिफ्टच्या देखभाल कंत्राटाची प्रत, मोटरची वॉरंटी, ठेव ज्या बँकेत आहे तिचे नाव आणि ड्रेनेजचा नकाशा द्यावा. आमच्या काही इमारतींचा ड्रेनेजचा नकाशा आजतागायत सापडलेला नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर प्रत पाठवा, झेरॉक्सचे पैसे आम्ही देऊ.